गायनमंडळाची शेगडी

१२ नोव्हेंबर १९३१
काच कारखाना बंद झाल्यापासून निम्मं गाव घरी बसलंय. गायनमंडळाची वर्गणी कोण देणार? कोळसा नाही, म्हणून तालीम ओव्हरकोट घालून! आर्नुल्फ, आमचा चिरूट वळणारा टेनर (वरच्या पट्टीत गाण्याची चाल धरतो तो), खोकत म्हणाला, "मास्तर, मी आधी गेलो तर कबरीवर तुमचा खर्जातला बास बेसूर लावू नका." सभासद गेला की सगळ्यांनी कबरीपाशी गायचं, ही मंडळाची रीत. मी म्हटलं, गप बस.

२१ जानेवारी १९३२
तालमीला ऊब! मंडळाचा अध्यक्ष क्नॉप खाटकाने त्या नव्या पक्षाच्या तपकिरी सदरेवाल्यांकडून कोळसा मिळवला. वर वाटाण्याचं सूप. चार वर्षांपूर्वी या टोळक्याला कुत्रंही विचारत नव्हतं. बर्लिनवाले मंत्री आमची पेन्शन कापण्यात आणि एकमेकांचे पाय ओढण्यात गुंग – मग विदूषकांचं फावणारच! आर्नुल्फ पक्का समाजवादी, त्याने सुपाला हात लावला नाही. हट्टी गाढव. सूप बरं होतं.

१ ऑगस्ट
काल मतदान झालं. सगळ्यात मोठा पक्ष तपकिरी सदरेवाल्यांचाच! परवापर्यंत गादी गेलेल्या कैसरच्या नावाने गळे काढणारा क्नॉप आता छाती काढून फिरतोय. म्हणतो, "पोटाला देईल तो आपला, मास्तर." याचे सॉसेज खपेनात म्हणून आम्ही देश गुंडांच्या हवाली करायचा!

७ नोव्हेंबर
काल पुन्हा मतदान झालं, त्यांची मतं घटली. फुगा फुटला. मी म्हणत नव्हतो?

३१ जानेवारी १९३३
त्यांचा पुढारी चॅन्सलर! आमच्या शहाण्या जमीनदारांनीच बसवला. म्हणे, वेसण आपल्या हातात आहे. ईस्टरपर्यंत टिकत नाही, असं मीही तालमीत सांगितलं. सगळ्यांना पटलं.

१६ मार्च
क्नॉपने जुना नियम उकरून काढला – मंडळात राजकारण नको. म्हणून आर्नुल्फला काढायचं! आणि हे त्या पक्षाच्या कोळशावर शेकत! विरोध असेल त्याने हात वर करा, म्हणाला. एकाचाही हात वर गेला नाही. भेकड लेकाचे! आर्नुल्फ माझ्याकडे बघत होता. माझे दोन्ही हात मांडीवरच होते.

२ एप्रिल
आर्नुल्फला पकडून नेलं.

२४ एप्रिल
आर्नुल्फ कोठडीतून आला तो अंथरुणालाच खिळला होता. आज त्याला पुरलं. मंडळातलं कोणी आलं नाही. मी एकटाच गायलो, नुसता बास; वरची चाल धरायला कोणी नव्हतं.
त्याच्या बायकोने विचारलं, "मास्तर, हे कुठलं गाणं?"