ढोलक आणि भरलेले हंडे

लातूर, दि. २३ मार्च १९८६

चि. पंचशीलास रामकिशनचा सप्रेम जय भीम, वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत, पाण्याचं तेवढं विचारू नकोस. लातूर जिल्हा झाला, आमच्या कचेरीवर नवी पाटी लागली, पण नळ आठवड्यातून एकदाच येतो आणि यंदाच्या दुष्काळात कधी कधी तेवढंही विसरतो. तुझ्या वहिनीनं आणखी हंडे घेतलेत. बैठकीत भिंतीला हंडे, फळीवर घागरी, कपाटावर पातेली. पाहुणा आला तर त्याला कुठं टेकवायचं हा प्रश्नच आहे.

आणि अशा घरात मी मोठे स्पीकर आणतोय! हसून घे आधी. गंजगोलाईजवळ शिवमूर्ती म्हणून रेडिओ दुरुस्त करणारा आहे. स्टुडिओत असतात तसल्या मॉनिटर स्पीकरांची जोडी तो माझ्यासाठी बनवून राहिलाय. पेट्या कमरेएवढ्या, आत परातीएवढा पडदा. आपल्या डब्याएवढ्या स्पीकरांना आता रजा.

हौस तर आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. परवा मी ग्यानोबा काकांची ती मुदखेडची टेप शिवमूर्तीच्या दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावून पाहिली. पंचशीला, काकांच्या गळ्याखालून ढोलक आला! ढोलकावरचा बाबांचा हात मी झोपेतही ओळखीन. वरची थाप लोकांच्या टाळ्यांत मिसळून गेलीय आणि खालचा घुमारा आपल्या छोट्या स्पीकरांना पेलवतच नव्हता. काकांनी टेपमधून काहीही कापलेलं नाही. बाबांना इकडे पाठव. कारण मात्र सांगू नकोस, ऐकलं तर यायचेच नाहीत.

वहिनीचा आणि तिच्या हंड्यांचा तुला जय भीम. माया आहे तशी ठेव.

तुझा दादा,
रामकिशन

—

नांदेड, दि. २ एप्रिल १९८६

ती. दादास पंचशीलाचा सविनय जय भीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग रडले. वहिनी घोटघोट पाणी जपतेय आणि साहेब परातीएवढे स्पीकर आणतात! तरी बरं, तिनं तुला अजून घराबाहेर काढलं नाही.

बाबांचं काय सांगू? काकांनी मुदखेडच्या रेल्वे गार्डाकडची ती मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेली जुनी टेप शोधली, कॅसेटवर उतरवून घेतली, पेढे घेऊन आपल्या दारी आले. बाबांनी त्या जयंतीत दोघांनी मिळून केलेली सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकली. माझा ढोलक कुठं हाय, एवढं विचारलं आणि उठून गेले. पेढ्याला हातही लावला नाही. ती कॅसेट घरातच पडून होती, तीच तू लातूरला नेलीस. तू तेव्हा उस्मानाबादेत नोकरीला होतास, मी समोर होते. ग्यानोबानं आपला गळा तेवढा ठेवला आणि माझा हात कापायला लावला, हे बाबांच्या मनात बसलं ते बसलंच. आजही विहारात काका डाव्या भिंतीला बसतात म्हणून बाबा उजव्या भिंतीला. ढोलक खुंटीवर आहे, त्यावर जुनं धोतर टाकलेलं. मी धूळ झटकायला गेले तरी ओरडतात.

दादा, मला भीती वाटते. ढोलक ऐकू आला तर सोनंच झालं. पण नाही आला तर बाबा या विषयाला पुन्हा कान देणार नाहीत, आणि दोघंही आता सत्तरीला टेकलेत. उरलेलं आयुष्य दोन भिंतींना बसूनच जाईल. म्हणून पक्की खात्री कर. मला पेपर तपासायचे आहेत, मी येऊ शकत नाही. जयंती झाली की सवडीनं त्यांना एसटीत बसवून देते. सुनेच्या हातची भाकरी खायला म्हटलं की येतील.

वहिनीला जय भीम. थट्टा केली म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी,
पंचशीला

—

लातूर, दि. २२ एप्रिल १९८६

चि. पंचशीलास सप्रेम जय भीम, वि. वि.

बाबांना पाठवू नकोस. स्पीकर आले आणि माझं तोंड काळं झालं. टेप लावली, काकांचा गळा कसा समोर बसल्यासारखा आला, आणि ढोलकाची थाप पडली की झर्रर्र! प्रत्येक थापेला झर्रर्र, जणू पडदाच फाटलाय. मी शिवमूर्तीला नाही नाही ते बोललो, दुकानात दाखवलेला माल एक आणि दिलेला दुसरा असंही म्हणालो. तो बिचारा पेट्या परत घेऊन गेला. त्याच्या दुकानात त्याच पेट्या स्वच्छ वाजल्या! घरी आणल्या, पुन्हा झर्रर्र. आमच्यात बोलाचाली झाली. एवढ्या चांगल्या माणसाशी मी भांडलो याचंही वाईट वाटतंय. वरून या आठवड्यात नळ आलाच नाही, घरात सगळे ओरडून बोलतात.

काही मार्ग निघाला की कळवतो. तोवर बाबांकडे विषय काढू नकोस.

तुझा हताश,
दादा

—

लातूर, दि. ३० एप्रिल १९८६

चि. पंचशीलास अनेक आशीर्वाद आणि कडकडीत जय भीम, वि. वि.

माझं पत्र तुझ्या हाती पडायच्या आधीच बाबा माझ्या दारात! चाकूरला चहा प्यायलो, बस लई हळू आली, वगैरे वगैरे. मला लपवता येईना. संध्याकाळी धीर करून टेप लावली. पहिल्या थापेलाच झर्रर्र. बाबा उभे राहिले. आधी ढोलक कापला आन आता त्याची चेष्टा लावली व्हय, असं म्हणून अंगणात जाऊन बसले. जेवलेसुद्धा नाहीत. तुझी भीती खरी झाली म्हणून मी डोक्याला हात लावून बसलो होतो.

सकाळी नळ आला. कचेरी, स्पीकर, रुसवाफुगवा, सगळं बाजूला. बाबा धोतर खोचून तुझ्या वहिनीबरोबर, सरजाबरोबर पाणी भरायला लागले. बैठकीतले हंडे भरले, फळीवरच्या घागरी भरल्या, कपाटावरची पातेलीसुद्धा भरली. काम करताना सरजाला गाणं लागतं. तिनं काही न समजता टेप सुरू केली.

पंचशीला, काय सांगू! ढोलक आला. झर्रर्र नाही, काही नाही, नुसता घुमारा. फरशीतून पायात चढत होता. बाबा भरली घागर खांद्यावर घेऊन दारातच थबकले. पाणी सदऱ्यावर सांडत होतं आणि सरजा, जी थेंबासाठी माझ्याशी भांडते, ती त्या पाण्याकडे बघतही नव्हती. बाबांनी घागर खाली ठेवली आणि तिच्या पोटावर त्यांची बोटं टेपबरोबर चालायला लागली. एक मात्रा चुकली नाही. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं एकच, माझाच हात हाय, ग्यानोबानं कापला न्हाई, माझाच हात हाय. मीही रडलो, लाज कसली त्यात?

कोडं सरजानं सोडवलं. एक रिकामी घागर स्पीकरपुढे धरली, ती झर्रर्र वाजली. भरलेली धरली, ती गप्प. भांडी रिकामी व्हती म्हनून बोंबलत व्हती, असं म्हणून ती माझ्याकडे बघून जी हसली! तसाच शिवमूर्तीकडे पळालो आणि भर रस्त्यात त्याचे हात धरले. त्यानं मला चहा पाजला आणि संध्याकाळी स्वतः ऐकायला आला.

बाबा उद्याच निघतो म्हणतात. मी अडवलं नाही.

मायेत तसूभरही कमी नको.

तुझा विजयी,
दादा

—

नांदेड, दि. ६ मे १९८६

ती. दादा आणि सौ. वहिनीस सविनय जय भीम, वि. वि.

बाबा बसमधून उतरून घरी आलेच नाहीत. मी वाट बघून शोधत निघाले, तर ग्यानोबा काकांच्या ओट्यावर दोघं मांडीला मांडी लावून बसलेले. काकांना रडू आवरत नव्हतं. त्यांच्या मशीनवरही ढोलक कधी आलाच नव्हता. गार्डाच्या यंत्रातच केरबाचा, म्हणजे आपल्या बाबांचा, हात उतरला नाही असं ते समजले, आणि केरबाशिवाय हे गाणं कुणाला ऐकवायचं नाही म्हणून ती मूळ टेप त्यांनी पेटीच्या तळाशी घातली. दादा, आपण इतकी वर्षं कोणत्या माणसाला चोर समजत होतो!

काल खुंटीवरचं धोतर निघालं. दोऱ्या ताणल्या, कातड्याची पुडी तापवली, आणि दिवे लागायच्या आत आख्खी गल्ली आपल्या दारात गोळा. काकांचा गळा चिरकतो, पण कुणाला फिकीर? काकू मला म्हणाल्या, एवढ्या मोठ्यानं हसताना ह्यांना लई दिवसांनी पाहिलं.

बाबांना खाली स्वतःच्या हातानं लिहायचंय, म्हणून आवरते. तुझ्या स्पीकरांना माझा साष्टांग.

तुझी,
पंचशीला

चि. रामकिशन यास बाबाचा आशीर्वाद. मी आन ग्यानोबा दोघं येतो. नळ कोन्त्या वारी येतो ते कळव, त्याच वारी येतो. सूनबाईला सांग, हंडे गळ्यापोतूर भर. शिवमूर्तीला बी बलाव. ढोलक संगं आनतो. टेपमदला बरा हाय, पर तो तवाचा हाय. आताचा ऐकवतो.

केरबा ढोलकवाला