चांगल्या भागांचा खण

आज टपालाने आले: कपॅसिटर तपासायचे मीटर, नग एक, ३४० क्रोनर, टपालखर्च ४५. तपासणी उरकूनच लिहायला बसले.

मी मारेन टॉफ्ट, वय ७८, कै. एस्किल टॉफ्ट यांची पत्नी, शिक्षण शालान्त, राहणार लेमविग, डेन्मार्क, देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीत हे लिहिते. कोणाच्या सांगण्यावरून नाही.

घर विकून येईल ते दोन्ही भाच्यांना सारखे. बँकेतली शिल्लक प्रार्थनागृहाच्या छपराला. शिवणयंत्र पलीकडच्या शेजारणीला. ती दोरा फार वाया घालवते, तरी तिलाच.

यांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातले टेबल, सोल्डरिंग आयर्न व सर्व हत्यारे माझे दीर विल्फ्रेड यांना. याचे कारण लिहिणे भाग आहे.

बिघाड शोधायची आमची रीत अशी: संशयित भाग काढून तिथे खणातला खात्रीचा भाग लावायचा. तरी बिघाड राहिला, तर दोष दुसरीकडे. जुन्या संचांतले भाग पारखून खण भरायचे काम भावोजींचे. बाद भागांचा डबा फेकायला माझ्याकडे येई. कपॅसिटरची ती चकचकीत नळकांडी मला टाकवेनात. १९७१ पासून त्यांच्या वाकड्या तारा चिमट्याने सरळ करून मी ती खणात ठेवू लागले. देवाने दिलेले वाया घालवू नये, एवढेच डोक्यात. कोणाला विचारले नाही.

मग यांचे एकेका टीव्हीपाशी तीन-तीन दिवस जाऊ लागले. भाग नुकताच बदललेला, म्हणून त्या जागी पुन्हा बघायचेच नाहीत. धर्मगुरूंचा रेडिओ तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा हे भावोजींना म्हणाले, "न पारखताच टाकतोस ना खणात?"

"दादा, एक जरी तसा टाकला असेल, तर हात तोडून देईन."

"हात राहू दे. किल्ली ठेव."

मी कॉफी घेऊन दारात उभी होते. तेव्हाच मला उमगले. मी यांच्या कपात साखर घातली आणि ढवळत राहिले.

गावाने भावोजींना कामचुकार ठरवले. ते आल्बोर्गच्या गोदीत गेले. चौतीस वर्षे दर रविवारी मी क्षमा मागितली, हे एक पाप वगळून. हेही भावावरचा राग घेऊनच गेले.

आज मीटर लावून पाहिले, तर खणातल्या ६२ भागांपैकी २७ बाद निघाले. सत्तावीसांच्याही तारांवर माझ्या चिमट्याचे वळ आहेत.

हे मी गेल्यावर वाचले, तर ऐकून घ्यायला मी नसेन. म्हणून येत्या महिन्यात प्रार्थनागृहात मी स्वतः उभी राहून वाचणार आहे.

साक्षीदार: योर्गन बाक (सही), बोडिल स्कोव (सही)
मारेन टॉफ्ट (सही)
लेमविग, १२ मार्च २००७

भावोजी, सोबत प्रत जोडली आहे. क्षमेबद्दल काही लिहू नये. आपले नाव सभेत घेतलेले चालेल का, आणि आपण येणार असाल तर कोणता रविवार सोयीचा, एवढे उलट टपाली कळवावे.