खिडकी बघायला

१२ मार्च

प्रिय दादा,

तू बरा असशील. आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. काका आहे तसाच. मी दिसले की विचारतो, "काय गं, गुन्हेगारीत पदवी घेतलीस, पहिला हात कुठे मारणार?"

मला नोकरी लागली.

गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात सगळ्यांनाच खुनी पकडायचे होते. एकालाही सापडला नाही. आमची उंच मुलगी विमा कंपनीत खोटे अपघात शोधते. मागच्या बाकावरचा बँकेत बनावट सह्या बघतो. मी दीड वर्ष कपड्यांच्या दुकानात कॅमेऱ्यांसमोर बसले. चोर दोन सापडले, मान कायमची आखडली.

मध्ये चार मुलाखती झाल्या. प्रत्येक अर्जात एक रकाना असायचा : घरात कोणाला शिक्षा झाली आहे का? मी 'नाही' लिहायचे. मग ते विचारायचे, हाच विषय का घेतलात? मी पोपटासारखी पुस्तकातलं बोलायचे.

पाचवं कार्यालय तुरुंगातून सुटलेल्यांना खोली आणि काम मिळवून देणारं. समोर एक वयस्कर बाई. प्रश्न तोच. या वेळी तोंडातून निघून गेलं, "माझा भाऊ तीन वर्षं आत होता. घरी आम्ही बाहेरगावी म्हणायचो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सुटल्यावर घरी आला?"

"आला होता."

"मग?"

आपण दोघं यावर कधी बोललो नाही. सुटून आलास त्या दिवशी तू दारात उभा होतास, हातात आत शिकलेल्या कामाची हत्यारं. खोलीत माझ्या मैत्रिणी. कोण आलंय, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सुतार. खिडकी बघायला."

तू चपला काढल्यास. खिडकीची कडी बसवलीस. "झालं, ताई," म्हणालास आणि गेलास.

धाकट्या बहिणीला ताई.

हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "रकाना दुरुस्त करा. सोमवारपासून या." मी 'नाही' खोडून 'होय' लिहिलं. पदवी हातात आली तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं.

कडी अजून घट्ट आहे, दुरुस्तीचं काही काम नाही. तरी रविवारी ये. त्याच मैत्रिणींना बोलावलंय. कोण आलंय, हे त्या विचारतीलच.

आणि ताई म्हणालास तर बघ.

तुझी धाकटी,
सुताराची सख्खी बहीण