सोळा कारागीर, एक कात्री

६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ६
तारीख पक्की. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं, ताईनेही फोन करून पुन्हा विचारून घेतलं. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २८ तारखेला. काचबिंदू. डावा गेल्या वर्षीच गेला. उजव्याने समोरचं ताटलीएवढं दिसतं, कडेचं नाही. ऑपरेशननंतर नजर टिकेल की जाईल? बाई म्हणाल्या, निम्मं-निम्मं.
येताना टॅक्सीत बाबा म्हणाले, त्याआधी तुझ्या आईला एकदा बघायचंय. हलती-बोलती. कॅमेऱ्याच्या टेपा आहेत ना रे तुझ्याकडे?
आहेत. एकोणीस. प्रत्येकी तासाभराची. आईला जाऊन सहा वर्षं झाली, टेपा त्याहून कितीतरी जुन्या.
संकल्प: सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवायच्या, त्यातली आई वेचायची, एका तासाची फिल्म करायची. शीर्षकं, संगीत, सगळं. हातात बावीस दिवस. भरपूर.
अडचण एकच. कॉम्प्युटर नऊ वर्षांचा आहे. नवा प्रोसेसर लागणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार
ही म्हणाली, जुन्यावरच रोज एक टेप उतरव की. एकोणीस दिवसांत होतंय.
हिला तांत्रिक बाबी समजावणं अवघड. मी एकवीस वर्षं खरेदी विभागात आहे. तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय आमच्याकडे साधा स्टेपलर येत नाही. (अडीच वर्षं झाली, आलेला नाही. पण चुकीचाही आलेला नाही.)

९ ऑक्टोबर, गुरुवार. जेवणाची सुट्टी
तक्ता तयार. आठ कोअरचा विरुद्ध सोळा कोअरचा. कोअर म्हणजे एकाच डबीत बसवलेले कामगार, असं दुकानदार म्हणाला.
सोळाचे फायदे: वेग. दहा वर्षं बघायला नको. चारचौघांत सांगता येतं. तोटे: तापतो, वीज खातो, मोठा पंखा लागतो.
आठचे फायदे: पुरतो. तोटे: नुसता पुरतो.
बाबांना वाचून दाखवला. माणसाने चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय. म्हणाले, सोळा कारागीर ठेवलेस आणि दुकानात कात्री एकच असली, तर पंधरा जण चहा पितात.
जुन्या पिढीला कोअर कळणं शक्य नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
अकरा परीक्षणं पाहिली. सहा जण म्हणतात सोळा घ्या, चौघे म्हणतात तापेल, एक जण स्वतःच्या टेबलाविषयीच बोलला. तक्त्यात आता चौदा रकाने.
ही टेपांचा खोका घेऊन आली. म्हणाली, एकाही टेपेवर नाव नाही. निदान कशात काय आहे ते बघून वर लिहू या. मी म्हणालो, नावं फायली झाल्यावर एकदमच. एक काम दोनदा करायचं नाही.
हिने खोका ठेवून दिला. जरा आवाज करून.

१५ ऑक्टोबर, बुधवार
ताईचा फोन. झालं का रे? म्हणालो, निम्मं झालं. निर्णय म्हणजे निम्मं कामच. तो होत आलाय.
बाबांनी आज पेल्याऐवजी शेजारी पाणी ओतलं. मी पुसायला धावलो तर म्हणाले, राहू दे, टेबलाला तहान लागली होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
निर्णय झाला. सोळा!
दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब, पाचवी फेरी. तुमच्या नावाची खुर्चीच ठेवतो. मग म्हणाला, याच्यापुढचं मॉडेल बुधवारी येतंय.
पाच दिवसांवर नवं आलेलं असताना जुनं घेणारा माणूस खरेदी विभागात टिकणार नाही. थांबलो. तोवर फिल्मचं संगीत निवडून होईल.

१८ ऑक्टोबर, शनिवार
संगीत निवडलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार
माल आला नाही. शुक्रवारी नक्की, म्हणे.
बाबा म्हणाले, माप घे. दहादा घे. पण गिऱ्हाईकाचं लग्न लागायच्या आत कापड फाड. एरवी असं बोलून स्वतःच हसतात. आज हसले नाहीत.
तक्ता पुन्हा तपासला, तेव्हा बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
घेतला. जुन्यात बसत नाही म्हणून बाकीचे भागही, डब्यासकट, नवेच. बदल्यात जुना कॉम्प्युटर देऊन टाकला. दुकानदाराने दोनदा विचारलं, यातलं काही लागणार नाही ना? ठामपणे सांगितलं, नाही. इतकं हलकं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११
जोडला. पंखा एवढा थोरला की डब्याचं दार लागत नाही. दार पलंगाखाली सरकवलं. बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत पडदा उजळला. बाबांना हाताला धरून आणलं, समोर बसवलं. म्हणाले, निळं दिसतंय. तुझी आई कुठाय?

दुपारी १
कॅमेऱ्याची वायर ज्या खाचेत बसते ती खाच नव्या कॉम्प्युटरला नाही. पुढे नाही. मागे नाही.

दुपारी ४
दुकान रविवारी बंद. पुन्हा पाहिलं. नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ११
रजा टाकली. दुकान उघडायच्या आधीच दारात.
दुकानदार म्हणाला, ती खाच जुन्याला होती. नव्यांना कित्येक वर्षं येतच नाही. एवढ्या मोठ्या तक्त्यात हा रकाना नव्हता?
चौदा रकाने होते. हा नव्हता.
जुना कॉम्प्युटर परत द्या, म्हटलं. म्हणाला, शनिवारीच सुटा केला, भाग गेलेसुद्धा. मी त्याचे हात धरले. भर दुकानात. त्याने मला त्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, आणि साहेब, टेप आपल्याच चालीने फिरते हो. तासाच्या टेपेला तासच लागतो. डबीत सोळा असोत की एक.
म्हणजे जुन्यावर रोज एक, एकोणीस दिवस. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? मागची पानं चाळली. सात तारखेला सांगितलेलं आहे. माझ्याच अक्षरात.
एक कात्री म्हणजे टेप. हेही आत्ता कळलं.

दुपारी १
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, आता तोफ सुटणार. हिने खणातून दुसरी वायर काढली, कॅमेरा टीव्हीला जोडला. दोन मिनिटं लागली. एवढंच म्हणाली, बघायचं तर होतं नुसतं. फिल्म तुला करायची होती.
बाबांना पडद्यापासून हातभर अंतरावर बसवलंय. टेपांवर नावं नाहीत. हाताला येईल ती घालायची, पळवायची. पहिलीत ऑफिसात आलेलं झेरॉक्स मशीन, सर्व बाजूंनी. दुसरीत कबुतरं. तिसरीत ताईचं नवं घर, मुख्यतः छत. शूटिंग सगळं माझं.

दुपारी ४
सहाव्या टेपेत आईचा हात, कपबशीसकट. बाबा ओरडले, थांब! मागे घेतली. हात आला, गेला. पुन्हा घेतली. पुन्हा गेला.
बाबांच्या डोळ्याला पाणी येतंय. म्हणतात, औषधाचं आहे.

संध्याकाळी ७
नववी टेप. आई.
खिडकीपाशी, बाबांनी शिवलेल्या हिरव्या कोटात, बरोबर मधोमध. ताटलीत मावेल एवढी. नुसती उभी. विचारते, चालू केलंस का रे? माझा आवाज येतो: थांब, सेटिंगं दोन आहेत, कुठलं बरं ते बघतो. आई म्हणते, बघ बाबा, बघ. मी उभी आहे.
अकरा मिनिटं उभी आहे. मग मी म्हणतो, हं, आता बोल. आणि टेप संपते.
बाबा म्हणाले, कॉलर उजवीकडे उचललीय. मीच चुकलो होतो, तिने कधी बोलून दाखवलं नाही. पुन्हा लाव.
दुसऱ्यांदा लावल्यावर म्हणाले, तुझा हा घोळ म्हणून एवढा वेळ थांबली. नाहीतर तुझी आई कुठे एका जागी थांबतेय!
तिसऱ्यांदा लावली तेव्हा मान खाली होती. डोळा दमला, म्हणाले. आवाज असू दे.
ही स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

रात्री ८
बाबा झोपले. सकाळी सहाला टॅक्सी, सातला दाखल, नऊला ऑपरेशन. पट्टी बुधवारी सकाळी निघेल. दिसेल की नाही ते त्याआधी कुणीच सांगू शकत नाही, असं बाईंनी आजही फोनवर सांगितलं.
ही म्हणाली, दहा टेपा राहिल्यात. पट्टी निघाली की अशाच टीव्हीवर लावू, रोज एक.
पण दिसलं, तर बाबांना फिल्मच दाखवायला हवी. ती खाच असलेलं वेगळं कार्ड मिळतं म्हणे. दोन प्रकार आहेत. बुधवारपर्यंत एक अख्खा दिवस आहे. तेवढ्यात तक्ता सहज होईल.