शेजारणीच्या मुलीसाठी यादी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळून अकरा दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर मी कधी करत नाही. तू विचारलं होतंस इतकंच, की शेजारच्या बाईंची मुलगी नवऱ्याबरोबर चार दिवस इकडे येतेय, तिला आपल्या भागातली चांगली कॅफे लिहून पाठव, उशिराच्या नाश्त्याची आणि गोडाधोडाची. आणि खाली, जाता जाता आठवल्यासारखं, लिहिलंस की औषधांच्या दुकानातल्या गल्ल्यावर आता तू रुळली आहेस आणि घरचा ओव्हन शेजारणीला देऊन टाकणार आहेस, कारण "हात गेलेल्या बाईला ओव्हन कशाला?" यादीला मला एक आठवडा लागला. त्या एका वाक्याचं उत्तर मात्र आठ महिने माझ्याकडे पडून आहे.

आधी यादी देतो. निळ्या दाराचं कॅफे तुला आठवत नसेल, तू गेल्यावर झालं. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं ना, तीच जागा. हवा भरायचा पंप त्यांनी शोभेला ठेवलाय आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. तिथे साडेनऊच्या आत पोचायचं, नंतर रांग लॉंड्रीच्या पुढे जाते. भाजलेल्या पावावर मश्रूम आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं, हे मागवावं. वाढणारा पोरगा सगळ्यांना साहेब म्हणतो, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तान्ह्या बाळालाही "साहेब, जरा पाय आवरा" म्हणाला. दुसरं गच्चीवरचं. पॅनकेक जाड आणि हलके, सावलीतलं टेबल आधी मागून घ्यायचं. केक मात्र मागवू नये. ते बाहेरून आणतात आणि फ्रिजमधून काढून तसाच पुढे ठेवतात. माझ्या केकवर पाण्याचे थेंब होते. मी बशी परत पाठवली नाही, पण तू पाठवली असतीस, हे मनात आलं आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसलो.

तिसरं दोघी बहिणींचं, फक्त गोडाचं. आठ खुर्च्या. थोरली म्हणते साखर कमी घाल, धाकटी म्हणते, "ताई, लोक इथे औषध घ्यायला येतात का?" दिवसभर हेच चालतं आणि गिऱ्हाईक ऐकत बसतं. लिंबाचा टार्ट दुपारी दोननंतर घ्यावा, तेव्हा दुसरा घाणा निघतो. काटा लावला की तळ कुरकुरीत आवाज करून तुटतो, ओला नसतो. तू म्हणायचीस तसा, आधी कानांनी खायचा. या दुकानाबद्दल अजून एक सांगायचंय, पण ते पुढे.

आणि चौथं आपलं, जिथली भट्टी तू सांभाळायचीस ते. आपल्याकडे रविवारी बसायला जागा नसते. भाजलेल्या चीजकेकचं वर्तमानपत्राच्या पुरवणीत कौतुक आलं. "इथल्या गोड पदार्थांना नव्या हातांनी नवा जीव दिला आहे," असं छापलंय. मालकीणबाईंनी ते कात्रण चौकटीत घालून कॉफीच्या यंत्राच्या वर लावलंय. मी तिथून जाताना मान खाली घालतो. कॉफीवाला म्हणतो, बघा, किती विनयशील! मावशी, तो चीजकेक तुझा आहे. तुझ्याच अक्षरातला, लोण्याने पारदर्शक झालेला कागद समोर ठेवून करतो. मी त्यात चिमूटभर काही बदललेलं नाही.

नववीत दोनदा नापास झालेल्या पोराला तू घरी आणलंस, आईला म्हणालीस, राहू दे माझ्याकडे, माणसात आणते. पहिल्या दिवशी कॅफेत भांडी घासायला लावलीस. दुसऱ्या दिवशी डब्यांवर चिठ्ठ्या लिहायला बसवलंस. चुकीचं लिहिलेला डबा मी उघडत नाही, असं म्हणून चार वेळा चिठ्ठी फाडायला लावलीस. शाळेने दहा वर्षांत जे शिकवलं नाही ते मी मैदा, खायचा सोडा आणि वेलदोडा लिहिता लिहिता शिकलो. मी पीठ सपाट पट्टीने मोजतो म्हणून तू मला मोजपट्टी म्हणायला लागलीस आणि सगळं कॅफे म्हणायला लागलं. मला ते आवडायचं. माझ्या हातून चूक होत नाही, असा त्याचा अर्थ आहे असं मला वाटायचं.

आता ते सहा आठवडे. तुझे केक वरून करपायला आणि मधून कच्चे राहायला लागले, फुगून तडकायचे आणि बाहेर काढले की खाली बसायचे. तू आधी अंड्यांना दोष दिलास, मग मैद्याला. मग म्हणालीस भट्टी जास्त तापतेय. दुरुस्तीवाला आला, ज्योत बघितली, दाराचं रबर दाबून बघितलं, भट्टी ठणठणीत आहे म्हणाला आणि दोन कप कॉफी पिऊन गेला. तू बावीस वर्षं बटणाच्या ज्या खुणेवर भरवसा ठेवलास तिच्यावर संशय घेण्याऐवजी स्वतःवर घेतलास. डोळे तपासून नवा चष्मा केलास. वाढदिवसाचा तो केक परत आला, त्या दिवशी तू कोठीच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून स्वतःचे तळहात बघत होतीस. मी दारातून बघितलं आणि तुला दिसू नये म्हणून मागे सरलो.

त्याच दुपारी मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू रोज तिच्याजवळ असतोस. खरं सांग, काय होतंय?" मी म्हणालो, "मावशीचं हल्ली लक्ष नसतं." एवढंच बोललो. मला खरंच तसं वाटत होतं, पण वाटलं म्हणून बोलायची गरज नव्हती. चार दिवसांनी त्यांनी तुला थांबायला सांगितलं आणि भट्टी माझ्याकडे दिली. निघताना तू मला म्हणालीस, बरं झालं, भट्टी घरातच राहिली. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागे मागे फिरतंय.

भट्टी हातात आल्यावर मी आधी काय केलं असेल, तू ओळखशील. तापमापक विकत आणला. तिसऱ्या दिवशी आत ठेवला. बटण एकशे साठवर आणि आतलं तापमान एकशे ब्याऐंशी. मी बटण ओढून काढलं. त्याच्या आतल्या दांडीला बारीक दाते आहेत, बटण कोणत्याही दात्यावर बसतं. ते एक दाता सरकून बसलेलं होतं. मावशी, भट्टीची सगळी बटणं काढून, गरम पाण्यात भिजवून, दातांच्या ब्रशने घासून मी परत लावली होती. कोणी सांगितलं नव्हतं. कडेला तूप साचलेलं मला बघवत नव्हतं म्हणून. तुझा पहिला केक तडकला त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माझ्या वहीत साफसफाईची तारीख आहे, कारण मी सगळंच लिहून ठेवतो.

मी बटण बरोबर बसवलं. कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चीजकेक एकही रेघ न पडता निघाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मग वाटलं उद्या बोलू. मग तू गावी गेलीस, तुला दुकानात काम लागलं, तेव्हा स्वतःला समजावलं की आता जुनं उकरून तुला त्रास कशाला. तुझ्या काळजीचं नाव देऊन मी स्वतःचीच कातडी वाचवत होतो.

यादीसाठी त्या बहिणींकडे गेलो तेव्हा थोरलीने सांगितलं की केक करणारं अनुभवी माणूस शोधतोय. मी तुझं नाव सांगितलं. ती धाकटीकडे बघून म्हणाली, "त्या होय? चांगल्या होत्या, पण त्यांचा हात गेला म्हणे." तुझंच वाक्य, जसंच्या तसं, परक्या बाईच्या तोंडात. म्हणजे ते आधी या भागात फिरलं आणि मग तू ते खरं मानून उचललंस. मी तिथेही गप्प बसलो. टार्ट संपवला, ताटली पुसल्यासारखी केली आणि बाहेर आलो.

दुसऱ्या सकाळी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या! म्हणाल्या, "मावशीसाठी खोटं बोलतोस, गुणी आहेस, पण तुझ्या हातून असं होणं शक्य नाही." माझ्या नावाने मला वाचवलं, आणि इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. म्हणून परवा, सोमवारी कॅफे बंद असताना, त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर बटण काढलं, एक दाता सरकवून लावलं आणि तुझ्या कागदाप्रमाणे तुझा व्हॅनिला केक केला. तो फुगला, तडकला, बाहेर काढल्यावर खाली बसला. मधून कच्चा, वरून काळा. मालकीणबाईंनी त्यात सुरी घातली आणि बराच वेळ ती बाहेर काढली नाही. मग म्हणाल्या, "मी तिला काय काय बोलले रे."

त्या लगेच तुला फोन करणार होत्या. मीच थांबवलं, कारण हे तुला माझ्याकडून कळायला हवं, आणि फोनवर तू "जाऊ दे रे" म्हणून मला अर्ध्यात सोडवलं असतंस. कागदावर तुला मला मध्येच थांबवता येणार नाही. बहिणींकडेही काल जाऊन आलो, दोघींसमोर सांगितलं. या वेळी दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, तुलाच विचारायचं. दोन्ही ठिकाणी जागा तुझ्यासाठी आहे, कुठली घ्यायची की कुठलीच नाही, हे तू ठरव. आपल्याकडे आलीस तर मी भांड्यांकडे जाईन, तसं सांगून ठेवलंय. तुला मी समोर नको असलो तर मी दुसरीकडे काम बघेन. मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. फक्त एवढं कर, आज कामावरून आलीस की स्वतःसाठी एक केक कर, छोटा, आणि तो होईपर्यंत ओव्हनसमोर बसून राहा. तो नीट निघेल. मला त्यात तिळमात्र शंका नाही.

तुझाच,
मोजपट्टी