दुसरा जिना

१४ सप्टेंबर
जमलं बाप्पा! आर्वीच्या एका प्रसूतीच्या दवाखान्यात जनरेटर चालवायची नोकरी लागली. राहाले वरच्या मजल्यावर मागची खोली, बिनखिडकीची, पण आपली. रुचिकाचं बाळंतपणही इथंच होईन. दिवस भरत आले तिचे. घडीघडी 'आयकता काय' म्हणते अन् माहा हात पोटावर ठेवते. मशीन जिन्याखालीच हाये, बाजूले डिझेलचा ड्रम. पहिल्या झटक्यात सुरू होते, एकदम मस्त.

१९ सप्टेंबर
अग्निशमनचा साहेब तपासून गेला. म्हणे, जनरेटर जिन्याखाली चालतच नाई, बाहेर वेगळी खोली बांधा, डिझेल आत ठेवू नका, अन् वरच्या बायांसाठी दुसरा जिना पाहिजेच. डॉक्टरसाहेबांनी त्याले चहा पाजला, दसरा होऊ द्या म्हणाले. मलेही पटलं. सणाच्या तोंडावर तोडफोड कोण काढते?

२५ सप्टेंबर
दुपारी लाइन गेली. मशीन सुरू करून वळलो, तर जिन्यात एक बाई. छातीशी लेकरू, लुगड्याले धुराचा वास. तिनं विचारलं, भाऊ, दुसरा जिना कुठं हाये? नाई म्हटलं, तर रडतच वर गेली. मी मागं धावलो. वर कोणीच नाई. पायऱ्यांवर काजळीचे पाय.

रुखमाबाई आयाले सांगितलं, तर तिनं मले बाजूले ओढलं. म्हणे, वडनेरची बाळंतीण होती ते, मागच्या आगीत लेकरासंगं गेली. भिंतीले चुना मारला अन् नवी मशीन तिथंच ठेवली. बायकोले घेऊन जाय इथून, म्हणाली. पण अशा दिवसात रुचिकाले नेऊ कुठं?

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी मशीनची पूजा. ताराचंद इलेक्ट्रिशियननं झेंडूचा हार घातला, ड्रमपाशी दिवा लावला. बाहेर ठेव म्हटलं, तर म्हणे, पूजेचा दिवा हलवत नसतात. तो गेल्यावर विझवाले वाकलो, तेवढ्यात वरून निरोप आला, रुचिकाले कळा सुरू. अशा वक्ती दिवा विझवू? हात मागं घेतला.

पोरगी झाली! केवढे केस बाप्पा! दोघींले मागच्या आपल्या खोलीत आणलं. पेढे आणाले चाललो —

५ ऑक्टोबर
पेढे घेऊन आलो, तर दिव्यानं ड्रम पेटलेला, जिना आगीत. बाकीच्या बायांले समोरच्या खिडक्यांतून काढलं. मागच्या खोलीले खिडकीच —
रुचिका. पोरगी. नाव बी ठेवलं नव्हतं.
एक फुंकर मारली असती तर —

११ ऑक्टोबर
दवाखान्याले कुलूप. मागच्या दारानं आलो, जिन्यात बसलो हाये. घरी कोणापाशी जाऊ?
वरून कोणी उतरून राह्यलं. चाल ओळखीची.
छातीशी लेकरू. केवढे केस —
रुचिका! अगं, मी हाये —
पाहाते. ओळखत नाई मले. 'आयकता काय' म्हण ना, एकदा —
म्हणते, भाऊ, दुसरा जिना —