कंट्रोलचं रक्त

आई, रविवारी धाकटीच्या मुलाचे कान टोचले. चेंबूरला, तिच्या सासरी, सकाळी. सोनार म्हातारा होता, पण हात स्थिर होता. मूल रडलं, दूध प्यालं, झोपलं. इतर पाहुणे जेवून गेले तरी मी तिथेच बसून राहिले. का, ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. तुला सांगायला हरकत नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि आपल्या बाळाचे कान टोचले तो दिवस आठवतो असं कबूल करणारं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. बाबांजवळ विषय काढला की ते उठून गॅलरीत जातात आणि कुंडीतली वाळकी पानं तोडत बसतात.

घाटकोपरची आपली खोली. मी आठ वर्षांची, धाकटी दोन वर्षांची, बाळ पाच महिन्यांचं. बाळ अजून मान धरत नाही. दूध ओढता ओढता दमतं आणि तोंडात तसंच ठेवून झोपतं. डोळ्यांत पिवळेपणा आहे. आत्या म्हणते, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल, आणि राहिलेले कान आधी टोचून घ्या. सोनार मोरीच्या कट्ट्याजवळ पाट घेऊन बसतो. सोन्याची बारीक तार दोन्ही कानांतून जाते, दोन थेंब येतात, तू कापूस लावतेस, थेंब थांबतात. सगळ्यांच्या हातावर गूळ-खोबरं पडतं. दुपारी तू स्टोव्हवर पोळ्या करतेस, मी बाळाजवळ बसलेली, आणि दुपट्यावर कानाखाली एक लाल रेघ दिसते. मी फ्रॉकच्या टोकाने पुसते. तू तव्यावरची पोळी तशीच सोडून येतेस आणि माझ्या हातावर चापट मारतेस. "पुसू नको. पुसलं की परत येतं. दाबून धर." मग तू स्वतःच दाबून धरतेस, दोन बोटांत कानाची पाळी. पोळी जळते, खोलीभर धूर होतो, तू उठत नाहीस. दिवेलागणीला आत्या येते तेव्हाही तू तशीच बसलेली असतेस.

"तार ओढलीस तू," आत्या म्हणाली. "डोळा लागला असेल आणि हात लागला असेल. तुझे डोळे काय, दिवसाढवळ्या मिटतात."

"नाही वन्सं. थांबलं होतं. थांबलं होतं, मग परत सुरू झालं."

"रक्त म्हणजे काय नळाचं पाणी आहे, जायला आणि यायला?"

तू पाळीवरची बोटं काढली नाहीस. बाबा उठून बाहेर गेले. उष्टावणाआधीच बाळ गेलं. बाहेरच्यांना सांगितलं, कावीळ. घरात मात्र तारेची गोष्ट राहिली. पुढे तू गेलीस, भाजी निवडता निवडता, बसल्या जागी, आणि धाकटी आत्याकडे वाढली, तेव्हा तिच्या वाट्याला तेवढीच गोष्ट आली. तिच्या मनात राग नाही. "आईचा हात लागला गं, बिचारीचा," असं म्हणते. ती बिचारी म्हणते ते मला आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

मी मुलुंडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तुला माझं काम कळलं असतं, ते स्वयंपाकासारखंच आहे. रक्तातला पातळ भाग वेगळा काढायचा, तो कोमट पाण्यात ठेवायचा, त्यात औषध घालायचं, हातातलं घड्याळ सुरू करायचं आणि काचेची नळी हळूहळू कलती करत बघत राहायचं. एका क्षणी पातळ असतं ते धरतं. दूध फाटावं तसा त्यात एक तंतू दिसतो. घड्याळ थांबवायचं. मात्र रोग्याच्या रक्ताला किती वेळ लागला हे एकट्याने सांगून उपयोग नसतो, त्याच्याशेजारी निरोगी माणसाचं रक्त लावावं लागतं. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. ते विकत मिळतं, पण महाग असतं आणि वेळेवर येत नाही, म्हणून लॅबमधलंच कुणीतरी बाही वर करतं. गेली काही वर्षं ते बहुधा माझं असे. माझं रक्त दर वेळी तेरा सेकंदांच्या आसपास गोठतं, ना पुढे ना मागे. माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण ठाण्याहून येते, तिला सगळ्याची चेष्टा करायची सवय. "तुझ्या नसांत घड्याळजी बसलाय गं," म्हणते. "लग्नाचं बघतील तेव्हा पत्रिकेच्या जागी हेच दे. रक्त प्रमाणित, तेरा सेकंद." मी हसत असे. मुलुंड-भांडुपच्या किती आजारी मुलांचं रक्त बिघडलंय की नाही, हे माझ्या रक्ताशी ताडून ठरलं असेल, कोण जाणे. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

पावसाळा संपता संपता मुलांच्या वॉर्डात भांडुपचं एक मूल आलं. आठ महिन्यांचं, मान न धरणारं, सतत झोपेत, अधूनमधून झटके येणारं. लिव्हर वाढलेलं. त्याचं रक्त नळीत गोठलंच नाही. माझं शेजारी गोठून बसलं आणि त्याचं पाण्यासारखं कलत राहिलं. डॉक्टरांनी व्हिटॅमिन के दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला सांगितलं. त्या जीवनसत्त्वाची नुसती कमतरता असती तर फरक पडला असता. फरक पडला नाही. म्हणजे रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर तयारच करत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी नमुना घ्यायला गेले तेव्हा मुलाच्या कोपरावर आदल्या दिवशीची सुई जिथे लागली होती तिथला कापूस लाल होता, आणि त्याची आई त्यावर अंगठा दाबून बसली होती.

"ताई, थांबलं होतं," ती म्हणाली. "थांबलं होतं, मग परत सुरू झालं."

मी ट्रे खाली ठेवला. पलीकडे तिची सासू बसली होती, पदरात बिस्किटाचा पुडा. "हिनाच कापूस काढल्यान," ती मला सांगू लागली. "सारख्या उघडून बघता. हिका धीर म्हणान नाय."

मी रोग्यांच्या माणसांशी बोलत नाही. ते डॉक्टरांचं काम आहे. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "आजी, कापूस काढल्याने हे होत नाही. जखमेवर आधी एक बूच बसतं, ते याचं बसतं. मग त्याच्याभोवती जाळं विणलं जावं लागतं, ते याच्या रक्तात विणलं जात नाही. म्हणून आधी थांबतं आणि काही तासांनी बूच सुटतं. ही सांगते ते बरोबर आहे. हिचा यात काही दोष नाही."

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. "मगे कोणाचो?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच हवं होतं उत्तर. मी नमुना घेतला आणि परत आले.

उत्तर दुपारी मिळालं. मुलांचे डॉक्टर रिपोर्ट न्यायला स्वतः आले आणि काउंटरला टेकून उभे राहिले. म्हणाले, हा मायटोकॉन्ड्रियाचा आजार असावा असा संशय आहे. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारे बारीक घटक असतात, तेच लुळे असतील तर मेंदू, स्नायू, लिव्हर, ज्याला ज्याला जास्त ऊर्जा लागते ते ते बंद पडत जातं. खात्री करायची तर स्नायूचा तुकडा काढून बाहेर पाठवावा लागेल. "पण या रक्तात मी सुरी कशी लावू? तुमचा सेकंदांचा आकडा खाली आला तर लावेन. तो येणार नाही." जाता जाता म्हणाले, "त्या आईकडे पाहिलंत? पापण्या खाली आल्यात, हनुवटी वर करून बघते. यातल्या काही प्रकारांत दोष आईकडूनच उतरतो, फक्त आईकडून. तिला स्वतःला थोडंसंच काहीतरी असतं. काहींत आईबाप दोघांकडून येतो. इथे बसून काही सांगता येत नाही."

आई, तुझा आमच्याकडे एकच फोटो आहे. त्यात तुझे डोळे अर्धे मिटलेले आहेत. फोटोवाल्याने चुकीच्या क्षणी बटण दाबलं असं आम्ही समजत होतो. पण मला आठवतं, संध्याकाळ झाली की तू आमच्याशी बोलताना हनुवटी वर उचलायचीस. लोक म्हणायचे, गर्विष्ठ आहे. आत्या म्हणायची, झोपाळू. कुणी म्हणायचं, रडून रडून डोळे सुजलेत. त्या दुपारी मी काउंटरमागे उभी होते आणि वीस वर्षांपूर्वीची तू माझ्यासमोर हनुवटी वर करून उभी होतीस, दोन बोटं मिटलेली, जळक्या पोळीचा वास. भांडुपचं ते मूल पुढच्या आठवड्यात गेलं. कागदावर शेवटपर्यंत संशयित हाच शब्द राहिला.

त्यानंतर धाकटीचा निरोप आला, रविवारी सोनार येतोय. मी आधीच चेंबूरला गेले. ती लंगोटांच्या घड्या घालत बसली होती. मी म्हटलं, "टोचण्याआधी याचं रक्त तपासू दे."

"ए, वेडी आहेस का गं? तीन महिन्यांचं पोर आहे ते. सोनाराची सुई कमी पडते का त्याला? का तुमच्याकडे गिऱ्हाईक येईनासं झालंय?"

"आईने तार ओढली नव्हती," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"मी तिथे होते. दुपारपासून तिने कान सोडला नव्हता. बाळाचं रक्त गोठत नव्हतं, लिव्हर गेलं होतं त्याचं. अशा रक्ताचं तसंच होतं, थांबतं आणि परत येतं. मी ते आता रोज हाताने तपासते, मला कळतं."

तिने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, "आणि मी सासरी सगळ्यांना काय सांगत आले गं. आईचा हात लागला म्हणून." डोळे पुसून तिने विचारलं, "पण एवढ्याशा पोराचं लिव्हर जाईलच कशाने?"

ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या पापण्यांकडे. ठीक होत्या. आपण बघतोय हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या खोलीत मला एकाच गोष्टीची दोन टोकं दिसत होती. तुझ्या बोटांचा दोष नव्हता हे सिद्ध करायचं तर आजार सांगायला हवा, आणि आजार सांगितला तर तो कुठून आला असेल हेही सांगायला हवं. तुला सोडवायचं तर तुझ्याच रक्तावर बोट ठेवायचं, आणि तेच रक्त तिच्या मांडीवर झोपलेलं. कदाचित तुझं, कदाचित बाबांचंही, कदाचित दोघांचंही नाही. मी म्हटलं, "तेव्हा कळण्यासारखं नव्हतं." हे वाक्य खरं आहे. ते तेव्हापुरतं खरं आहे, एवढं तिच्या लक्षात आलं नाही.

"घे मग काय घ्यायचं ते," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बाळाचा दंड धरून बसली.

तो नमुना मी लॅबमध्ये आणला. कंट्रोल हवं होतं. सवयीने मी बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला, आणि मग सोडला. मैत्रिणीला म्हटलं, "आज तुझं दे."

"का? घड्याळजी रजेवर?"

"कणकण वाटतेय."

तिने कुरकुर न करता हात पुढे केला. बाळाचं रक्त तिच्या रक्ताबरोबर गोठलं, छान, स्वच्छ तंतू. म्हणजे आज त्याचं लिव्हर काम करतंय. याहून जास्त ती नळी सांगू शकत नाही. आपल्या बाळाचंही तिसऱ्या महिन्यात असंच गोठलं असेल कदाचित.

रविवारी मी थांबले ते दुसऱ्या रक्तासाठी. पहिलं कुणाचंही थांबतं. दर थोड्या वेळाने बाळाची कुशी बदलायच्या निमित्ताने मी कानामागे बघत होते. कोरडं. धाकटी हसली, "बघ, थांबलं ते थांबलंच." ती बाळाला घेऊन जमिनीवर बसली होती, मी निघायला म्हणून उभी होते. तिने हनुवटी वर करून माझ्याकडे पाहिलं. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाकडे बघताना मान वर करावीच लागते. मी घरी येईपर्यंत हेच स्वतःला सांगत होते.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. पोचलं असतं तर मी यातलं अर्धं गाळलं असतं, धाकटीला सांगताना गाळलं तसं. भांडुपचं मूल गेल्यापासून मी कंट्रोलसाठी रक्त दिलेलं नाही. माझ्या रक्ताच्या गोठण्यात काही खोट नाही, आणि पापण्यांबद्दल ती नळी काही सांगत नाही, हे मला पुरतं माहीत आहे. तरी कुणाच्या मुलाचं रक्त माझ्याशेजारी लावायला हात पुढे होत नाही. मैत्रीण समजते मला अशक्तपणा आलाय, घरून खजूर आणून देते. मी खाते. आणि संध्याकाळी आरशासमोर वेणी घालताना हनुवटी मुद्दाम खाली धरून बघते. अजून तरी मला माझा सगळा चेहरा दिसतो.